जुनं घर सोडण्याआधी एक पावसाळा

दसरा उलटला, भातं कापून झोडून झाली, की तानसाकाठच्या गावांत बांधकामाचे दिवस सुरू होतात. अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी या टापूत एकेक कौलारू घर उतरतंय आणि त्याच्या जागी स्लॅबचं घर उभं राहतंय. कुणाला जमिनीचा मोबदला मिळाला, कुणाचा मुलगा भिवंडीच्या गोदामात कामाला लागला, कुणाचं घरकुल मंजूर झालं, कुणाचं कुटुंब वाढलं आणि खोल्या पुरेनात. कारणं खरी असतात, नवं घर हवंच असतं. पण जुनं घर ज्या घाईने पाडलं जातं, ती घाई मला पटत नाही. जेसीबीला एक दुपार पुरते. वारा कुठून येतो, ओल कुठे चढते, उन्हाळ्यात म्हातारं माणूस कुठे निजतं, हे दोन-तीन पिढ्यांनी राहून राहून जाणलेलं असतं. त्या दुपारी तेही मातीबरोबर ट्रॉलीत भरलं जातं. मग नव्या घरातल्या पहिल्याच मे महिन्यात माणसं अंगणात खाट टाकतात आणि जुन्या ओटीची आठवण काढतात.

हा लेख अशा घरांसाठी आहे, जिथे नवं घर बांधायचं ठरलंय पण जुन्यावरचा जीव निघत नाही. तो जीव काढायची गरजही नाही. जुन्या घरात आपल्याला नेमकं काय आवडतं, हे शोधून लिहून काढलं तर नव्या घराचा अर्धा नकाशा तयार होतो. इंजिनिअरकडे जायच्या आधीचं काम हेच.

माझा पहिला सल्ला बऱ्याच जणांना रुचणार नाही. पैसे हाताशी असले तरी जुन्या घरात एक पूर्ण पावसाळा काढा, आणि या वेळी तो वही घेऊन काढा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झड कोणत्या भिंतीवर येते, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून किती लांब पडतं, अंगणातलं पाणी कोणत्या वाटेने ओहोळाला जातं, भिंतीला ओल किती उंच चढते, हे सगळं आषाढात डोळ्यांसमोर असतं. कार्तिकात आठवून आठवत नाही. नकाशा काढणारा इंजिनिअर बहुधा हिवाळ्यात, कोरड्या जमिनीवर उभा राहून जागा बघतो. त्याला हे सांगणारे तुम्हीच.

टेप घेऊन घर मोजा. ओटी जमिनीपासून किती उंच, किती रुंद. खिडकीचा कट्टा किती उंचीवर. कौलं भिंतीच्या किती पुढे आली आहेत. माजघर किती बाय किती. घरातल्या मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात. आकडे हाती आले की गंमत कळते. बसायला सुखाची वाटणारी ओटी अमुक इतकीच उंच का, हे आजवर कुणी विचारलेलं नसतं. नव्या घरात ती चार इंच इकडेतिकडे झाली की तिथे कुणी बसत नाही आणि कारण कुणालाच सांगता येत नाही.

मग घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून तीन प्रश्न विचारा. मे महिन्यात दुपारी चार वाजता तू कुठे असतोस? जुलैत कपडे, सरपण, भाताची पोती कुठे ठेवतोस? पौषात रात्री कुठे निजतोस? सगळ्यांना एकत्र बसवून विचारलंत तर मोठा भाऊ बोलेल आणि बाकीचे माना डोलावतील. आजीला एकटीला विचारा, सुनेला एकटीला विचारा. स्वयंपाकघर कुठे हवं, मोरी कोणत्या बाजूला, मासळी साफ करायला बाहेर कट्टा हवा की नको, पापड-कुरडया वाळवायला जागा कुठली, हे ती काम करणारी बाईच सांगू शकते. नव्या घराचा हॉल मोठा करायच्या नादात स्वयंपाकघर चिंचोळं झालेली घरं मी भिवंडी तालुक्यात पुष्कळ पाहिली. जी माणसं दिवसाचे सात-आठ तास त्या खोलीत असतात, त्यांना नकाशा दाखवलेलाच नसतो. फार वाईट वाटतं.

या उत्तरांतून जे निघतं त्याचं भाषांतर विटा-सिमेंटात करता येतं. जुनं घर थंड का होतं? कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, माळा मध्ये असे, कुडाच्या किंवा मातीच्या भिंती ऊन लगेच आत सोडत नसत, आणि पुढे-मागे दारं समोरासमोर होती. अकलोली साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त तापतं ते छप्पर. सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खोलीत सोडतो. म्हणून शक्य असेल तर वरच्या मजल्याला किंवा निदान अर्ध्या घराला कौलारू छप्परच ठेवा. स्लॅबच हवा असेल तर त्यावर लोखंडी सांगाड्याचं हवेशीर छप्पर घाला. पावसाचीही सोय होते आणि भात वाळवायला आडोसा मिळतो. खिडक्यांवर सज्जे चांगले दोन-अडीच फूट बाहेर काढा, विशेषतः पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला. प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी हवा मिळेल असं बघा. वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने चालणारी घरं खूप आहेत, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण ज्या खिडकीतून वर्षातले आठ महिने वारा येतो ती बुजवायला कुणी सांगितलं तर त्याला मे महिन्यात त्या खोलीत बसवून मग निर्णय घ्या.

आणि ओटी सोडू नका. फ्लॅटचा नकाशा गावात आणला की पहिला बळी ओटीचा जातो. शेजारीण टेकते, पोस्टमन टेकतो, भाऊबीजेला आलेली बहीण रात्री उशिरापर्यंत बोलत बसते, तापातून उठलेलं माणूस ऊन खातं. या सगळ्यासाठी सहा फूट रुंदीची जागा लागते. तितकी बेडरूममधून काढा.

जागा जुनीच की नवी?

जुन्या जोत्यावरच बांधायचं की शेतात जायचं, हा प्रश्न नीट घोळवा. शेतात मोकळं असतं, गाडी दारात येते. पण गावठाणातल्या घराला शेजार असतो, आणि तो तुटला की काय होतं ते किल्लारीत दिसलं. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबाद भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं मजबूत झाली, पण जुन्या दाटीवाटीच्या गल्ल्यांच्या जागी लांबलांब रुंद रस्ते आले, आळ्या विखुरल्या, आणि शेजार तुटल्याची खंत माणसं पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली. तिथे माणसांना निवडीची संधी नव्हती. तुम्हाला ती आहे. शेतातल्या जागेवर रात्री नऊ वाजता जाऊन उभे राहा. हाक मारली तर ऐकू जाईल असं घर आहे का? नळाचं पाणी, एसटीचा थांबा, शाळेची वाट, पावसाळ्यात चिखल किती? घरात दिवसभर एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर हे प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी.

तानसाकाठी जागा असेल तर पुराचं बघा. इथली काही गरम पाण्याची कुंडं थेट नदीपात्रात आहेत आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली जातात, हे आपण दरवर्षी पाहतो. वर तानसा धरण १८९२पासून आहे. धरण भरून वाहू लागलं की खालचं पाणी किती झपाट्याने चढतं, ते जुन्या माणसांना विचारा. २००५च्या जुलैतल्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते कुणीतरी भिंतीवर, झाडावर बोट ठेवून दाखवेल. ती खूण हे तुमचं पहिलं माप. सरकारी नकाशांवर नदीलगत निळी आणि लाल पूररेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या गावाजवळ त्या आखल्या असतील तर जलसंपदा विभागाकडून पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत घर बांधण्याचा विचारही करू नका, आणि जोतं जुन्या पुराच्या खुणेच्या निदान दोन हात वर घ्या.

भातखाचर बुजवून बांधत असाल तर आधी खड्डा खणा. पावसाळा संपता संपता पाच-सहा फूट खोल खड्डा घेऊन तो आठवडाभर उघडा ठेवा. पाणी किती वर येतं, काळी माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो ते दिसेल. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, पाया तिच्यावर टेकला की दोन वर्षांत भिंती तडकतात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेलाच पाहिजे. भराव टाकायचा तर वीत-वीतभर थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून. ट्रॉल्या ओतून वर फरशी बसवली की ती खचणारच.

आता या टापूची खास गोष्ट. कोकणाच्या पट्टीत राजापूर, तुरळ, आरवली, उन्हवरे अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची रांग आहे. तिच्या उत्तर टोकाकडे अकलोली, गणेशपुरी, सातिवली येतात. काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून खोलवर तापलेलं पाणी वर येतं. लोक त्याला गंधकाचं पाणी म्हणतात. बांधकामाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षार, विशेषतः क्लोराइड. कुंडाचं पाणी तर कुणी काँक्रीटला वापरणार नाही, पण कुंडांच्या जवळपास घेतलेल्या बोअरवेललाही कोमट, खारवट पाणी लागू शकतं. तेच मिक्सरमध्ये गेलं तर आतल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे खाली पडतात. भारतीय मानक आयएस ४५६प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि सामू ६च्या खाली नको. बोअर मारली की पहिलं काम म्हणजे बाटलीभर पाणी तपासायला देणं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. खर्च घराच्या खर्चापुढे काहीच नाही. पाणी खारं निघालं तर काँक्रीट कालवायला आणि त्यावर मारायला टँकरचं गोडं पाणी आणा. इथे कंजूषी नको.

कागद

घर मनातून ठरलं की पैसे खर्च करण्याआधी कागद काढा. सगळ्यांत मोठा गैरसमज घरपट्टीच्या पावतीचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. गावठाणातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका बघा. २०२०च्या एप्रिलपासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होते आहे, तुमच्या गावाची पत्रिका तयार असेल तर त्यात नाव आणि क्षेत्र बरोबर आहे का ते तपासा. शेतजमीन असेल तर सातबारा आणि त्यावरचा प्रत्येक फेरफार. इतर हक्काच्या रकान्यात कुळकायद्याचं कलम ४३ लिहिलेलं असेल तर जमीन विकत घेण्याआधी थांबा आणि तहसील कार्यालयात विचारा. विकणारा आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ लागू होतं, परवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही आणि त्याने एका गरीब घराची जमीनही जाते. अशी जमीन स्वस्त मिळते म्हणून कुणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणा. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापरासाठी कलम ४२डखाली सोपी वाट आहे, रीतसर रक्कम भरून ती घेता येते. भिवंडी तालुक्यातली काही गावं एमएमआरडीएच्या नियोजनाखाली येतात. तुमच्या जागेची बांधकाम परवानगी नेमकी कुणी द्यायची, हे ग्रामपंचायत आणि तहसील दोन्हीकडून विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.

घर वडिलोपार्जित असेल तर भावा-बहिणींचा हिस्सा आधी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने तो १९९४मध्ये दिला, देशभर २००५मध्ये आला. बहिणीला फक्त सही करायला बोलावू नका. तिच्याशी बोला, तिला काय हवंय ते विचारा. पुष्कळदा तिला पैसे नको असतात, माहेर म्हणून येता येईल असा एक कोपरा हवा असतो. काय ठरलं ते वाटणीपत्रात लिहा. पाया खणून झाल्यावर निघालेली भांडणं कोर्टात जातात आणि बांधकाम जोत्यावरच अडतं. ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावून घ्या.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सर्वसाधारण भागात केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार रुपये मिळतात, हप्त्याहप्त्याने, प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह गेल्यावर. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आणि अनुसूचित जातींसाठी रमाई घरकुल आहे. पहिला हप्ता खात्यात पडल्याशिवाय राहतं घर उतरवू नका. हप्ता रखडला आणि पावसाळा आला तर कुटुंब ताडपत्रीखाली येतं.

घर पाडू नका, उतरवा

जेसीबी बोलावण्याआधी आठ-दहा दिवस माणसांच्या हातांना द्या. कौलं आधी उतरतात. धड कौलं एकावर एक उभी रचून ठेवा. १०० चौरस फूट छपराला साधारण दीडशे मंगलोरी कौलं लागतात, त्या हिशेबाने पडवी किंवा मागची शेड त्यांच्यावर सहज होते. मग रिपा, वासे, आढं, तुळया. साग, ऐन, शिसव यांचं जुनं लाकूड आज बाजारात त्या दर्जाचं मिळत नाही. प्रत्येक खांब आणि तुळई हातोडीने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर लाकूड चांगलं, पोकळ आला तर आत वाळवी. वाळवीचा भाग कापून काढा, उरलेलं उन्हात ठेवून बोरॅक्सच्या पाण्याचे दोन-तीन हात द्या. या लाकडातून दाराच्या चौकटी, ओटीचे खांब, जिन्याचा कठडा, देव्हारा होतो. दगडी तळखडे, जोत्याचे घडीव काळे दगड, कडी-कोयंडे, जातं, उखळ, पाटा-वरवंटा बाजूला काढा. जुना उंबरठा नव्या घराच्या आतल्या एखाद्या दाराला बसवता येतो, पुढच्या दाराला माप जुळत नसलं तरी. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वनखात्याकडे वाहतूक परवान्याची चौकशी आधी करा.

काम सुरू होण्यापूर्वी वीज तोडून घ्या. घराला नंतर जोडलेले जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते. ओले करून, नाकातोंडाला फडकं बांधून, अख्खे उतरवा. कुडाच्या भिंतीत, कौलांखाली, जुन्या बिळांत साप असतात. त्यांना मारायची गरज नाही, सर्पमित्राचा नंबर हाताशी ठेवा.

परसातला आंबा, फणस, चिंच, जांभूळ आड येत असेल तर तो तोडण्याआधी परवानगी लागते. महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा १९६४चा आहे आणि ही झाडं त्याच्या यादीत आहेत. पण खरं सांगायचं तर आधी नकाशा फिरवून बघा. चार फूट सरकवून झाड वाचत असेल तर घर सरकवा. ज्या आंब्याखाली उन्हाळे गेले त्याची सावली विकत मिळत नाही. वाचणारच नसेल तर घर उतरवण्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्याच्या काड्यांची कलमं बांधून घ्या. कोकणातले माळी जुलै-ऑगस्टमध्ये कोय कलम करतात. जुन्या घरात थांबून काढलेल्या त्या एका पावसाळ्याचा हाही उपयोग.

जुनं घर तसंच उभं ठेवायचं ठरलं तर ते वापरात ठेवा. चुलीचा धूर, सारवण, दर वर्षीची कौलं चाळणं यांवर ते टिकलेलं असतं. बंद केलं की तीन-चार पावसाळ्यांत वासे खाली येतात. भाताची पोती, अवजारं, पाहुण्यांची खोली, काहीतरी चालू राहू द्या, आणि ते चालवणारं माणूस नेमून द्या.

बांधताना

बांधकामाचं वेळापत्रक पावसाशी बांधलेलं असतं. पाया दिवाळीच्या सुमारास, भिंती आणि खांब माघापर्यंत, स्लॅब होळीच्या आसपास. मेच्या शेवटी घाईने टाकलेला स्लॅब मला भीतिदायक वाटतो.

विटा या भागातल्याच. भिवंडी, वाडा, वसई, शहापूर तालुक्यांत दिवाळीनंतर भट्ट्या लागतात. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज हवा. एक वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढलं तर ती वीट नको. या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन अख्खा हंगाम राबतात, आणि वेठबिगारीचा इतिहास या तालुक्यांत फार जुना नाही. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेचं काम १९८२मध्ये याच परिसरात त्यातून उभं राहिलं. भट्टीवर जाल तेव्हा माणसांचा हिशेब रोखीने आणि वेळेवर होतो का, ते विचारा. घर आनंदाने बांधायचं तर त्याच्या विटांमागे कुणाचं कर्ज अडकलेलं नसावं.

रेती खाडीची नको. काल्हेर-कशेळीच्या बाजूने येणाऱ्या रेतीत मीठ असतं आणि तिचा परिणाम खाऱ्या पाण्यासारखाच होतो. चिमूटभर जिभेवर ठेवलीत तरी खारटपणा कळतो. धुतलेली क्रश सँड घ्या. काँक्रीट निदान एम २० हवं. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला पाणी ३० लिटरपर्यंतच. काम सोपं जावं म्हणून गवंडी पाणी वाढवतो आणि तिथे ताकद जाते. बादली मोजायला घरातलं एक माणूस उभं करा. हा टापू भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरला जातो. शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे २०१८च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून खांबांच्या रिंगांची टोकं आतल्या बाजूला नीट वळवून घ्या, आणि भिंतींना दाराच्या वरच्या पातळीला अखंड पट्टा द्या. पोझोलाना सिमेंटच्या काँक्रीटला निदान १० दिवस पाणी, उन्हाळ्यात १४. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या तुळयांना १४, त्यापुढे २१. कंत्राटदाराला फळ्या दुसरीकडे न्यायच्या असतात, तो घाई करेल.

संडास तळमजल्यावर, आजी-आजोबांच्या खोलीला लागून. दार तीन फुटी. शोषखड्डे विहिरीपासून आणि बोअरपासून निदान पन्नास-साठ फूट लांब, उताराच्या बाजूला.

हलताना

घरातली वडीलधारी माणसं अनेकदा म्हणतात, देव हलवायचे नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका. पण याच भागात सांगितली जाणारी एक परंपरा त्यांना आठवून द्या. वज्रेश्वरीचं मूळ ठाणं गुंजला होतं, पोर्तुगीजांच्या काळात देवी तिथून वडवलीला आली, आणि १७३९मध्ये वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी नवस फेडण्यासाठी तिचं आजचं देऊळ बांधवलं. देव नव्या जागी रमतात. माणसांना मात्र वेळ लागतो, आणि सगळ्यांत जास्त वयस्कर माणसांना. त्यांना पावसाळ्यात हलवू नका. त्यांची खाट जुन्या घरात ज्या दिशेला होती त्याच दिशेला लावा, रात्री संडासाची वाट सरळ आणि उजेडाची ठेवा, त्यांची पेटी, काठी, खुंटी आहे तशी आधी मांडा. त्यांच्या हातून तुळशीच्या मंजिऱ्या पेरून घ्या. वास्तुशांतीच्या जेवणावळीआधी चार दिवस कुटुंबाने नुसतं राहून बघावं, म्हणजे राहून गेलेली कामं पाहुण्यांच्या गर्दीआधीच लक्षात येतात.

जुनं घर उतरल्याचं ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्या, नाहीतर दोन्ही घरांची आकारणी चालू राहते. वीजमीटर, रेशनकार्ड, बँक यांचे पत्ते बदला.

आणि कंत्राटदाराशी करार करतानाच एक अट लिहून घ्या. एकूण रकमेचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा झाल्यावर देणार. आषाढातल्या पहिल्या मोठ्या झडीत घरभर फिरा, खिडक्यांचे कोपरे, स्लॅब आणि भिंतीचा सांधा, मोरीमागची भिंत, जिन्याचं डोकं बघा. ओल दिसली तिथे खडूने खूण करा, तारीख टाका, फोटो काढा. सप्टेंबरात त्या खुणा एकेक करून त्याला दाखवा, दुरुस्ती करून घ्या, आणि मग उरलेले पैसे द्या.